गुलाबी कागद

लेनर्ड ह्रुस्का माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यानं जो पहिला प्रश्न विचारला तो भरपाईचा नव्हता. अडतीस वर्षांच्या वकिलीत असं माझ्या वाट्याला तीन-चारदाच आलं असेल.

"वकीलबाई, चार वाजायला आठ मिनिटं असताना मला फोन कोणी केला, एवढंच मला कळायला हवं," तो म्हणाला. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

त्याची बायको डोलोरेस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी टेकडीवरच्या हॉस्पिटलात दाखल झाली होती. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून दारापर्यंत चालली, नर्सला नवऱ्याच्या चहाड्या सांगून हसवलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली. लेनर्डनं आधीच्या दोन रात्री तिच्याजवळ खुर्चीत बसून काढल्या होत्या. त्या संध्याकाळी तिनंच त्याला हाकललं होतं, की घरी जा, कुत्र्याला फिरव आणि एक दिवस माणसासारखा झोप. तो घरी आला, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि वर जाऊन झोपला. सातला खाली उतरला तर फोनवर तीन कॉल येऊन गेलेले, तिन्ही हॉस्पिटलच्या नंबरवरून. पाच वीस आणि पाच पस्तीसचे दोन कॉल ती गेल्यावर कळवण्यासाठी केलेले होते. पहिला मात्र तीन बावन्नचा. तेव्हा डोलोरेस जिवंत होती.

"तिनंच केला असणार," लेनर्ड म्हणाला. "सेहेचाळीस वर्षांत तिनं मला कधी झोपेतून उठवलं नाही. एकदा उठवायला गेली आणि मी उठलो नाही."

मी माझ्या पिवळ्या वहीत लिहून घेतलं: 'तीन बावन्नचा फोन कोणी केला? नर्सला विचारणे.' वर तारीख टाकली, अकरा मार्च. तारीख टाकायची सवय मला हार्लन बिडलनं लावली. हा हार्लन म्हणजे हॉस्पिटलचा वकील. या केसमध्ये समोरच्या बाजूला तोच होता. त्याच्याच ऑफिसात मी सतरा वर्षं हॉस्पिटलांची बाजू लढवली आणि मग एक दिवस रुग्णांच्या बाजूला आले. का आले ते विचाराल तर, एक केस जिंकून कोर्टाचा जिना उतरत असताना हरलेली बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही फार छान बोललात हो." तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. मला त्यानंतर महिनाभर अन्न गोड लागलं नाही.

हार्लननं मला कधी माफ केलं नाही, पण दर नाताळला कार्ड मात्र पाठवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसे आम्ही दोघंही आहोत.

हॉस्पिटलची फाइल मागवली, तर तिच्यात जेवढ्यास तेवढं. तीन चाळीस, रुग्णाला धाप, डॉक्टरांना कळवलं. चार वीस, डॉक्टरांना पुन्हा कळवलं. चार अडतीस, डॉक्टर आले. पुढे धावपळ, आणि पाच दहाला सगळं संपलं. तीन बावन्नच्या फोनबद्दल अवाक्षर नाही.

आता इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. हॉस्पिटलात काही विपरीत घडलं की तिथले डॉक्टर-नर्स एका बंद खोलीत बसून आपसात बोलतात. काय चुकलं, कोणाचं चुकलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. आमच्या राज्याच्या कायद्यानं त्या बैठकीचे कागद कोर्टात येऊ शकत नाहीत, समोरच्या वकिलाला दाखवता येत नाहीत. कारण साधं आहे: उद्या कोर्टात वाचलं जाणार म्हटल्यावर कोण खरं बोलेल? मी या हॉस्पिटलच्या बाजूला होते तेव्हा तिथल्या बैठकांचे नियम मीच लिहून दिले होते. आणि ते कागद चुकूनसुद्धा दुसऱ्या फाइलीत जाऊ नयेत म्हणून युक्ती काढली होती, की बैठकीची टिपणं फक्त गुलाबी कागदावर छापायची. डॉक्टर लोक हसायचे, 'नोरीन गॅलहरचे गुलाबी कागद' म्हणायचे. पण सव्वीस वर्षांत एकही कागद हरवला नाही, आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

मेच्या शेवटी हार्लनच्या ऑफिसातून बाकीची कागदपत्रं आली. पूर्वी खोकी यायची, आता पेनड्राइव्ह येतो. बाराशे पानं, सगळी स्कॅन केलेली. दुपारचं सँडविच खात मी एकेक पान सरकवत होते. आठशे चौदाव्या पानावर मजकूर सुरू होता: 'नर्स अ हिनं सांगितलं की...' मी वाचत गेले. अकरा ओळी वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की 'नर्स अ' असं लिहायची पद्धतही माझीच आहे. बैठकीच्या टिपणात नावं घालू नयेत, अक्षरं घालावीत, हा नियम मीच केला होता. स्कॅनरनं सगळी पानं काळी-पांढरी केली होती. गुलाबी कागद गुलाबी राहिला नव्हता, आणि वर शिक्का कुठे नव्हता, कारण 'शिक्क्याची गरज नाही, रंग पुरेसा आहे' असं मीच लिहून दिलं होतं.

मी पान बंद केलं. सँडविच तसंच राहिलं.

लेनर्ड ज्यासाठी तळमळत होता ते सगळं त्या अकरा ओळींत होतं. आणि मला ते त्याला सांगता येत नव्हतं. चुकून हाती आलेला असा कागद पुढे वाचायचा नाही, समोरच्या वकिलाला कळवायचं आणि परत करायचा, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. नियम तोडला तर माझी सनद जाईल, ते एक वेळ जाऊ द्या, पण लेनर्डची केसही बुडेल. तोडला नाही तर तो म्हातारा मरेपर्यंत त्या फोनला उत्तर देत बसेल. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह पाकिटात घालून मी हार्लनकडे गेले. तो एकाहत्तर वर्षांचा आहे, अजून रोज बो-टाय बांधतो. खिडकीतून नदीवरचे कोळसा वाहणारे पडाव बघत त्यानं माझं ऐकून घेतलं.

"किती वाचलंस?"

"अकरा ओळी."

"मोजल्यास होय?"

"तूच शिकवलंस."

"मी बरंच काही शिकवलं. त्यातलं नेमकं एवढंच बरं आठवतं तुला!" तो खुर्चीत बसला. "नोरीन, मी आत्ता जज्जकडे गेलो ना, तर तू संध्याकाळच्या आत या केसमधून बाहेर."

"जा की. पण जाताना तुझ्या ऑफिसातून कागद बाहेर कसा पडला तेही सांग."

"कारण त्या कागदावर शिक्का नव्हता! आणि शिक्का नको म्हणणारी शहाणी कोण होती?"

आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी पिशवीतून पिवळी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. "हे बघ. अकरा मार्च. तीन बावन्नचा फोन कोणी केला, नर्सला विचारणे. हा प्रश्न मला तुझ्या कागदावरून सुचलेला नाही. तो माझ्या अशिलाचा आहे, पहिल्या दिवसापासूनचा. तो विचारायचा हक्क त्याच्याकडून काढून घेऊ नकोस."

हार्लननं चष्मा चढवून ती ओळ दोनदा वाचली. तारखेवर बोट फिरवलं.

"हाच प्रश्न," शेवटी तो म्हणाला. "याच शब्दांत. तीन चाळीस ते चार वीस, त्या चाळीस मिनिटांबद्दल याच्यापुढे तुझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. आणि तोवर अशिलापुढे ब्र काढायचा नाहीस. कबूल असेल तर दोघांच्या सहीचं पत्र जज्जकडे पाठवू."

"कबूल."

पत्र गेलं, जज्जनं होकार दिला. नर्सच्या जबानीची, म्हणजे खटल्याआधी वकिलाच्या ऑफिसात शपथेवर घेतात त्या साक्षीची, तारीख नऊ आठवड्यांनंतरची मिळाली.

सांगायला सोपं वाटतं. पण जबानीआधी वकील साक्षीदाराला काय पढवतो ते मला पाठ आहे, मी शेकडो नर्सना पढवलंय. विचारलं तेवढंच सांग. उत्तराआधी मनात पाच आकडे मोज. एका शब्दात भागत असेल तर दुसरा वापरू नकोस. म्हणजे 'फोन कोणी केला' या प्रश्नाला ती 'मी' म्हणेल आणि थांबेल. ते खरंच असेल. आणि लेनर्डच्या दृष्टीनं ते न कळण्यापेक्षा वाईट असेल, कारण त्याचा अर्थ एवढाच होईल की हॉस्पिटलनं बोलावलं आणि हा घोरत पडला. माझ्याजवळ दुसरा प्रश्न नव्हता.

त्या नऊ आठवड्यांत मी तीनदा लेनर्डच्या घरी गेले. कागदांवर सह्या घ्यायच्या असत, आणि खरं सांगायचं तर मलाच राहवत नसे. दरवेळी तो अक्रोडाचा रोल, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, कापून पुढे ठेवायचा. डोलोरेस तो ईस्टरला करायची, हा आता तिच्या वहीत बघून बारा महिने करत होता. त्याच्या रोलमध्ये अक्रोड कमी आणि हट्ट जास्त असे.

"कसा झालाय?"

"चावावा लागतो."

"ती पण हेच म्हणाली असती," तो खूश होऊन म्हणायचा.

एकदा त्याच्या पलंगाच्या कडेला वायरींचं जंजाळ दिसलं. मी विचारलं, तर म्हणाला, "फोन आता उशाशी असतो. आवाज पूर्ण वाढवलेला. दर तासाला जाग येते, बघतो. आता कोणाचा यायचाय म्हणा! पण असतो." डोळ्यांखाली काळं झालं होतं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घ्यायला तो भीत होता. गोळी घेतली आणि फोन वाजला तर?

मी रोलचा तुकडा तोंडात घोळवत बसले. माझ्या जिभेवर अकरा ओळी होत्या. मला स्वतःची किळस आली, आणि मी दुसरा तुकडा मागितला.

जबानी ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी हार्लनच्या ऑफिसात झाली. लांब टेबल, एका टोकाला टंकलेखन करणारी बाई, पलीकडे हार्लन आणि नर्स, अलीकडे मी आणि लेनर्ड. तो कोट घालून आला होता, टोपी मांडीवर. नर्सचं नाव जनेल प्रुइट. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई.

तासभर मी नेहमीचं विचारत राहिले. शिक्षण, किती वर्षं नोकरी, त्या पाळीत किती रुग्ण होते. ती प्रत्येक वेळी पाच मोजायची आणि एका शब्दात उत्तर द्यायची. हार्लननं काम चोख केलं होतं. मग मी पिवळी वही उघडली आणि लिहिलं होतं तसंच वाचलं.

"तीन बावन्नचा फोन कोणी केला?"

तिनं हार्लनकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"मी."

लेनर्डची टोपी खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच खोलीत हार्लननं मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. साक्षीदार थांबला की आपण लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. पेन खाली ठेवायचं आणि बघत राहायचं. माणसाला सगळं सोसतं, शांतता सोसत नाही. मी एक शब्द न बोलण्याचं वचन दिलं होतं, आणि मी बोलले नाही. पेन खाली ठेवलं आणि जनेलकडे बघत राहिले.

मी काय करतेय ते त्या खोलीत फक्त हार्लनला कळत होतं. 'पुढचा प्रश्न विचारा' एवढं तो म्हणाला असता की संपलं. म्हणायला हवंच होतं, त्याचे पैसे त्याला त्यासाठीच मिळतात. त्यानं चष्मा काढला. रुमाल काढला. काचा पुसायला लागला, आधी एक, मग दुसरी, मग परत पहिली. टंकलेखन करणारी बाई बोटं उचलून थांबली होती.

जनेल लेनर्डकडे वळली.

"डोलोरेसनी नाही सांगितलं मला फोन करायला," ती म्हणाली. "मीच लावला. एकदाच वाजला असेल, तर त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि ठेवून दिला. म्हणाल्या, नको ग, झोपू दे त्याला. दोन रात्री जागलाय. सकाळी येईलच."

लेनर्डचं तोंड उघडं राहिलं.

"मला इमर्जन्सी टीम बोलवायला हवी होती," जनेल आता थांबत नव्हती. "डॉक्टरांची वाट बघत बसायला नको होतं, ते मला माहितीय. पण त्या म्हणाल्या, जाऊ नकोस, बस इथं. त्यांना खूप भीती वाटत होती, पण बोलत होत्या. मी हात धरून बसले. वीस मिनिटं. शेजारच्या खोलीतली बेल वाजत होती तरी उठले नाही. हे मी फाइलीत लिहिलं नाही. फाइलीत हात धरल्याचं कुठं लिहितात?"

"जनेल," हार्लन हळूच म्हणाला. तेवढंच. त्यात दम नव्हता.

"काय बोलत होती?" लेनर्डनं विचारलं. अशिलानं जबानीत बोलायचं नसतं. कोणी त्याला अडवलं नाही.

"तुमच्याबद्दलच. म्हणाल्या, तो घोरतो तेव्हा लाथ घालावीशी वाटते, आणि नसला की मेली झोप येत नाही."

लेनर्ड हसला. मोठ्यानं, त्या टेबलाला अजिबात न शोभेल असं, आणि हसताहसताच त्याचा चेहरा पिळवटला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जनेल रडत होती. मी टेबलाखाली वाकून टोपी उचलली, कारण मला कुठेतरी वाकायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं बाहेर पाण्याच्या नळाशी उभे होतो. तो बराच वेळ टोपीची कड चाचपत होता.

"वकीलबाई, तुम्ही नंतर काहीच विचारलं नाहीत."

"नाही."

"ती पुढं बोलेल हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे उत्तर माहीत होतं."

मी शेकडो लोकांना पाच आकडे मोजायला शिकवलंय. मी एकही मोजला नाही.

"हो."

"कधीपासून?"

"नऊ आठवडे."

का सांगितलं नाही ते मी सांगितलं. कायदा, चुकून आलेला कागद, जज्ज, वचन. सगळं बरोबर होतं आणि सगळं कानाला लबाड वाटत होतं. त्यानं शांतपणे ऐकलं, टोपी डोक्यावर ठेवली.

"नऊ आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपतोय," तो म्हणाला. "आणि तुम्ही माझ्या घरी रोल खात होता."

तो जिन्यानं खाली गेला. लिफ्ट उघडी होती तरी जिन्यानं.

तडजोड तीन आठवड्यांत झाली. डॉक्टर अठ्ठावन्न मिनिटं आला नव्हता, त्याला हॉस्पिटलकडे उत्तर नव्हतं. लेनर्डनं माझ्या सेक्रेटरीमार्फत एकच अट कळवली, की कुठल्याही कागदावर नर्सचं नाव दोषी म्हणून येता कामा नये आणि तिची नोकरी जाता कामा नये. मी ती सगळ्यात वर लिहिली. हार्लननं एक स्वल्पविराम न बदलता सही केली आणि म्हणाला, "काचा अजून धूसरच आहेत." मी म्हटलं, "चांगल्या डॉक्टरला दाखव." त्यानंतर हॉस्पिटलात मी एक फुकटचं पत्र पाठवलं, की गुलाबी कागदावर शिक्काही मारत जा. रंगावर भरवसा ठेवणारी बाई मूर्ख होती असं त्यात लिहिलं नाही, पण लिहायला हरकत नव्हती.

मी बरोबर केलं का? नियमानं केलं. तो नियम मोडला तर उद्या त्या बंद खोलीत कोणतीही जनेल तोंड उघडणार नाही, हे मला आजही पटतं. पण नियमाची किंमत मी भरली नाही. ती एका म्हाताऱ्यानं भरली, दर तासाला एकदा उठून.

सह्यांच्या दिवशी सकाळी साडेसातला मी त्याला फोन लावला, की दहाला या. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. आठला पुन्हा लावला, तरी नाही. तो माझा फोन घ्यायचा नाही हे धरून चालले होते, पण मग भलतीसलती शंका आली. एकटा माणूस, चौऱ्याहत्तर वय. गाडीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही केला होता का?" लेनर्डचा आवाज जड, घोगरा, नुकताच उठल्यासारखा. "ऐकूच आला नाही. खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला होता."

मी खुर्चीत बसले.

"वकीलबाई? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "दहाला या. घाई नाही."